‘चिअरफुल’ला मराठीत काय म्हणायचं?

भाचीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा लिहिला होता, ‘चिअरफुल चाइल्ड’. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, “म्हणजे काय रे?”

मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, “आनंदी मूल.”

“आनंदी तर सगळीच लेकरं असतात. त्यात शेरा काय मारायचा?”

माझा अर्धा दिवस इंग्रजी मजकूर मराठीत आणण्यात जातो. तरी या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईने वाट पाहिली नाही. “हसतमुख म्हण की,” असं म्हणून ती आत निघून गेली. नंतर मी कोश उघडून बसलो, तेव्हा लक्षात आलं की आईने नेम धरल्यासारखा बरोबर शब्द सांगितला होता. ‘चिअर’ या शब्दाचा जन्मच मुळी चेहऱ्यातून झालेला आहे.

आज इंग्रजीत ‘चिअर’ म्हटलं की जल्लोष, हुरूप, आनंद असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण हा शब्द इंग्लंडात आला तो नॉर्मन लोकांच्या फ्रेंच बोलीबरोबर. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात, कचेऱ्यांत, मोठ्या घरांत फ्रेंच चालली. त्या जुन्या फ्रेंचमध्ये ‘चिएर’ म्हणजे चेहरा. बस्स, एवढंच. हसरा नाही, रडका नाही, नुसता चेहरा. त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला ‘कारा’, त्याचाही अर्थ चेहरा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये चेहऱ्याला आजही ‘कारा’ म्हणतात, त्यामुळे गोव्यात ज्यांच्या घरी आजी-आजोबा पोर्तुगीज बोलायचे त्यांना हा शब्द नवा नसेल. आणि लॅटिनच्याही मागे, बहुतेक कोशकारांच्या मते, ग्रीकमधला ‘कारा’ आहे, म्हणजे डोकं.

इथे मराठी माणसाने जरा थांबावं. हा ग्रीक ‘कारा’ आणि संस्कृतातलं ‘शिरस्’ हे एकाच कुळातले मानले जातात. म्हणजे आपण एखादी आज्ञा शिरसावंद्य मानतो त्यातलं शिर आणि क्रिकेटच्या मैदानावरचं ‘चिअर’ ही दूरची भावंडं. त्याच कुळात आपलं शिंग बसतं आणि इंग्रजांचा ‘हॉर्न’ही. रिक्षावाला जो वाजवतो तोच. भाषेच्या घराण्यात असे पाहुणे निघतात की ओळख पटवून दिल्याशिवाय कुणी एका ताटात बसणार नाही.

तर चेहरा. मग चेहऱ्यावरून मनःस्थितीकडे जायला शब्दाला फार वेळ लागला नाही. माणसाचं काय चाललंय ते तोंडावर दिसतं, म्हणून ‘चिअर’ म्हणजे चेहऱ्यावरचा भाव आणि मग मनाचा कल. पण हा कल चांगला की वाईट ते वेगळं सांगावं लागे. मध्ययुगीन इंग्रजीत माणसं ‘गुड चिअर’ने बोलत तशी दुःखी, जड, उतरलेल्या ‘चिअर’नेही बोलत. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये प्रेमाने झुरणाऱ्या हेलेनाचं वर्णन ‘पेल ऑफ चिअर’ असं येतं. आजच्या अर्थाने वाचलं तर ‘फिकट जल्लोषाची’ असला काहीतरी विनोद होईल. तिथे अर्थ साधा आहे: तिचा चेहरा पांढराफटक पडलाय.

मग नुसता चेहरा हसरा कधी झाला? हे असं कोणा एका दिवशी घडत नाही, पण प्रकार आपल्याला अनोळखी नाही. ‘रूप’ बघा. रूप प्रत्येकालाच असतं, दगडालाही असतं. पण ‘रूपवान’ म्हटलं की देखणाच. ‘नशीब’ही तसंच. वाईट नशीबही नशीबच, पण ‘नशीबवान’ कोणाला म्हणतो? तटस्थ शब्द वापरता वापरता चांगल्या बाजूला कलंडतो आणि तिथेच राहतो. ‘चिअर’ला ‘फुल’ जोडून ‘चिअरफुल’ झाला तो साधारण १४०० च्या सुमाराचा. शब्दशः पाहिलं तर ‘चेहऱ्याने भरलेला’. अर्थ मात्र सरळ चांगल्या चेहऱ्याचा.

आता माझं म्हणणं सांगतो. ‘चिअरफुल’ हा शब्द आजही चेहऱ्याचाच शब्द आहे. पोटात काय आहे ते तो सांगत नाही, समोरच्याला काय दिसतं ते सांगतो. आणि नेमकं इथेच आपली ‘आनंदी’वाली भाषांतरं घसरतात.

त्याच्या शेजारी ‘हॅपी’ ठेवून बघा. ‘हॅपी’ आला ‘हॅप’पासून, म्हणजे योगायोग, नशीब. ‘परहॅप्स’मध्ये आणि ‘हॅपन’मध्ये तोच ‘हॅप’ आहे. सुरुवातीला ‘हॅपी’ म्हणजे ज्याचं दान बरं पडलं तो. पुढे तो सुखी झाला, समाधानी झाला. ‘हॅपी’ माणसाच्या बाबतीत काहीतरी चांगलं घडलेलं असतं किंवा निदान त्याला तसं वाटतं. ‘चिअरफुल’ माणसाच्या बाबतीत काही घडलेलं असायलाच हवं असं नाही.

माझ्या मावशीचं सांगतो. काकांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आठवड्यातून दोनदा ती त्यांना घेऊन जायची. बाहेरच्या बाकांवर सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून किंवा भिंतीकडे बघत बसलेले. ही आत आली की नर्सबाईंना “काय गं, आज डब्यात काय?”, वॉर्डबॉयला “लग्नाचं काय झालं रे?”, शेजारच्या आजोबांना पिशवीतून एक सुंठेची वडी. तासाभरात त्या बाकांवर गप्पा सुरू झालेल्या असायच्या. मी एकदा विचारलं, तुला हे जमतं कसं? ती म्हणाली, “रडल्याने मशीन लवकर सुटतं का?” ती सुखी नव्हती. रात्री तिला झोप लागत नव्हती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्रजीत तिला ‘हॅपी’ कोणी म्हटलं नसतं, पण ‘चिअरफुल’ डोळे मिटून म्हटलं असतं. उलट आमच्याच वाड्यात एक आजोबा होते, पेन्शन चांगली, मुलं जवळ, तब्येत ठणठणीत, स्वतःच्या तोंडाने सांगायचे की मला काही कमी नाही. पण चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. ते ‘हॅपी’ असतील. ‘चिअरफुल’ कधीच नव्हते.

हा फरक व्याकरणातही उतरलाय आणि आपल्याकडच्या अर्जांत, ईमेलांत नेमका तिथेच पाय घसरतो. ‘तुम्ही आलात याचा मला आनंद झाला’ हे सांगताना इंग्रजीत ‘आय अॅम हॅपी यू केम’ किंवा ‘ग्लॅड’ चालतं. ‘आय अॅम चिअरफुल यू केम’ चालत नाही. ‘आय अॅम चिअरफुल टु इन्फॉर्म यू’ असं लिहिलेलं एक पत्र माझ्या हाताखालून गेलंय. लिहिणाऱ्याने कोशात ‘आनंदी’ला पर्याय शोधला असणार. ‘ग्लॅड’ आणि ‘हॅपी’ कशाने तरी होता येतं, म्हणून त्यांच्या मागे कारण जोडता येतं. ‘चिअरफुल’ हा वागण्याचा रंग आहे, त्याला तसं कारण चिकटत नाही. फार तर ‘चिअरफुल अबाउट’ म्हणता येतं, एखाद्या गोष्टीबद्दल हसतमुख असणं. आणि हे बहुधा अशा गोष्टीबद्दल म्हणतात जिथे तोंड पाडून बसलं तरी कोणी नाव ठेवलं नसतं: पाय मोडलाय, तरी त्याबद्दल अगदी ‘चिअरफुल’.

क्रियाविशेषण ‘चिअरफुली’ याहून मजेशीर. ‘ही चिअरफुली अॅग्रीड’, तो खुशीने तयार झाला. इथवर ठीक. पण ‘ही चिअरफुली अॅडमिटेड ही हॅड नॉट रेड द बुक’ याला ‘त्याने आनंदाने कबूल केलं’ म्हटलं तर मजा गेली. पुस्तक वाचलं नव्हतं आणि ते सांगताना गड्याच्या चेहऱ्यावर लाजेची रेघ नव्हती, असा तो अर्थ. मराठीत ‘खुशाल सांगून मोकळा झाला’. हा ‘खुशाल’ फार कामाचा शब्द आहे, भाषांतर करणाऱ्याने खिशात ठेवावा. ब्रिटिश लोक याच्याही पुढे जातात: ‘आय कुड हॅव चिअरफुली स्ट्रँगल्ड हिम’, म्हणजे त्या क्षणी मी त्याचा गळा हसत हसत दाबला असता. आणि मग एक जोडगोळी, ‘चीप अँड चिअरफुल’. एखाद्या साध्या खानावळीबद्दल, प्लास्टिकच्या खुर्च्यांबद्दल, फुलाफुलांच्या पडद्यांबद्दल. याला मराठी शोधायला मला एक सेकंदही लागला नाही: स्वस्त आणि मस्त. दोन्हीकडे किंचित नाक वर केलेलं आहे आणि दोन्हीकडे ती वस्तू विकत घेतलेलीही आहे.

वस्तूंनाही ‘चिअरफुल’ लागतो: खोली, पिवळा रंग, शेकोटी. इंग्लंडात हिवाळ्यात चार वाजता अंधारतं, त्यामुळे शेकोटीला हे विशेषण मिळणं साहजिक आहे. आपल्याकडे मे महिन्यात चुलीपुढे बसलेल्या बाईला कोणी असं म्हणून बघावं. खोलीला ‘हसतमुख’ म्हणता येत नाही, तिथे ‘प्रसन्न’ येतो. रंगाला ‘टवटवीत’. आवाजाला ‘खेळकर’ किंवा ‘मोकळा’. उलट ‘चिअरलेस’ म्हणजे भकास, ओसाड. एका इंग्रजी शब्दाला चार मराठी शब्द लागतात म्हणून कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही. मुलाला, खोलीला आणि रंगाला आपण वेगवेगळं बघतो, एवढंच.

या ‘प्रसन्न’वर थोडा रेंगाळतो, कारण ‘चिअरफुल’चं भाषांतर म्हणून हा शब्द सर्रास दिला जातो आणि माणसाच्या बाबतीत तो अर्धाच बरोबर आहे. ‘प्र’ आणि ‘सद्’, सद् म्हणजे बसणं, स्थिरावणं. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला की वरचं पाणी नितळ होतं, ते ‘प्रसन्न’. रामायणाच्या सुरुवातीलाच वाल्मीकी तमसा नदीवर येतात आणि शिष्याला म्हणतात, बघ, हे पाणी सज्जनाच्या मनासारखं प्रसन्न आहे. म्हणजे आपला शब्द तळातून वर आलाय. आधी आतला गाळ बसला, मग वरून नितळ दिसलं. इंग्रजीतला बाहेरून निघालाय: आधी चेहरा, मग पुढे कधीतरी मन. समाधी लावून बसलेला माणूस प्रसन्न असू शकतो. तो ‘चिअरफुल’ असल्याचं मी अजून कुठे वाचलेलं नाही. ‘चिअरफुल’ व्हायला समोर कोणीतरी लागतं.

बायबलाच्या भाषांतरकारांचीही इथे परीक्षा झाली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दानाबद्दल एक वाक्य आहे, इंग्रजीत देवाला ‘चिअरफुल गिव्हर’ आवडतो असं. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘हिलारोस’, ज्याच्यापासून पुढे ‘हिलॅरियस’ निघाला. मराठी बायबलात ‘संतोषाने देणारा’ असं केलंय. मला ते पटतं. वर्गणी मागायला गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की पाचशे रुपये देणारे दोन प्रकारचे असतात आणि फरक पावतीवर दिसत नाही, दारात उभ्या माणसाच्या तोंडावर दिसतो. पण त्याच इंग्रजी बायबलात, १६११ च्या राजा जेम्सच्या प्रतीत, येशू शिष्यांना म्हणतो ‘बी ऑफ गुड चिअर’. संकटं येणार आहेत हे सांगून झाल्यावर. इथे मराठीत आहे ‘धीर धरा’. उत्तम केलं. ‘आनंदी राहा’ म्हटलं असतं तर ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शोभलं असतं. मूळ ग्रीक क्रियापदही धीराचंच आहे आणि सतराव्या शतकातल्या इंग्रजाला ‘गुड चिअर’ म्हणजे तोंड उतरू न देणं, खचू न देणं, हे समजत होतं.

तोंड उतरणं. आपल्याकडच्या मनःस्थितीच्या शब्दांची यादी करायला बसलं तर निम्मे चेहऱ्यावरच निघतात. तोंड पाडणं, तोंड फुगवणं, तोंड वाकडं करणं, चेहरा खुलणं, चेहरा पडणं, तोंड एवढंसं होणं, कपाळाला आठी. ‘चिअर अप’ला कोशात ‘प्रफुल्लित हो’ असं काहीतरी दिलेलं असतं. रडवेल्या मैत्रिणीला कोणी ‘प्रफुल्लित हो’ म्हणतं का? आपण म्हणतो, “अगं, असं तोंड पाडून काय बसलीस!” आणि ते ‘चिअर अप’च्या मुळाला जास्त जवळचं आहे. वर करायचं आहे ते काय, तर चेहरा.

अठराव्या शतकात या शब्दाला इंग्लंडात जरा तात्त्विक भाव आला. जोसेफ अॅडिसनने ‘द स्पेक्टेटर’ या रोजच्या पत्रात १७ मे १७१२ रोजी ‘चिअरफुलनेस’वर एक निबंध लिहिला. त्याने ‘मर्थ’ म्हणजे हास्यविनोद, मौजमस्ती आणि ‘चिअरफुलनेस’ यांची फारकत केली. मर्थ ही एक कृती, चिअरफुलनेस ही मनाची सवय. मर्थ विजेसारखी, ढगांतून लखकन चमकते आणि जाते, तर चिअरफुलनेस म्हणजे मनातला दिवसाचा उजेड, सारखा टिकणारा. त्या सावकाश उजेडाची उपमा मला आवडते. पण त्यातच चेहऱ्याचा शब्द मनात ओढून नेला गेला हेही खरं. तिथून पुढे ‘चिअरफुलनेस’ हा सद्गुण झाला आणि सद्गुण झाला की त्याची सक्ती करणारे येतातच.

त्याआधी एक गंमत. १७७८ च्या गुड फ्रायडेला लंडनमध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सन, इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश लिहिणारा, चर्चमधून परत येताना त्याला ऑलिव्हर एडवर्ड्स नावाचा कॉलेजातला जुना सोबती भेटला. एकोणपन्नास वर्षांनी. हा एडवर्ड्स वकिली करून निवृत्त झालेला. बोलता बोलता तो म्हणाला, तुम्ही तत्त्वज्ञ आहात डॉक्टर. मीही माझ्या काळात तत्त्वज्ञ व्हायचा प्रयत्न केला, पण काय होतं कोण जाणे, चिअरफुलनेस सारखा मध्येच घुसायचा. जॉन्सनचा चरित्रकार बॉसवेल सोबत होता म्हणून हे वाक्य टिकलं. जॉन्सन स्वतः आयुष्यभर उदासीने पछाडलेला, त्यामुळे हे ऐकताना त्याच्या ‘चिअर’चं काय झालं असेल याची मी कल्पना करत बसतो.

तर सक्ती. १९०८ साली बेडन-पॉवेलने स्काउटचे नियम लिहिले त्यात एक असा की स्काउट कोणत्याही अडचणीत हसतो आणि शीळ घालतो. अमेरिकेतल्या स्काउटांच्या बारा गुणांत तर ‘चिअरफुल’ हा शब्दच आहे. शिबिरात पावसात तंबू कोसळलेल्या पोरांना हे सांगणं मला समजतं. पुढे हाच नियम नोकरीत आला. विमानातल्या हवाईसुंदरीने, दुकानातल्या मुलीने, फोनवरच्या माणसाने आवाज आणि चेहरा ‘चिअरफुल’ ठेवायचा, पगार त्याचाही आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास लिहून याला ‘इमोशनल लेबर’ असं नाव दिलं. भावनेची मजुरी. आठ तास हसून गाल दुखतात तेव्हा ती शब्दशः अंगमेहनत असते. इंग्रज माणूस मग ‘चिअरफुल’च्या आधी ‘रिलेंटलेसली’ लावतो, म्हणजे थांबायचं नावच न घेणारा. रोज सकाळी सहाला व्हॉट्सअॅपवर दवबिंदूंसकट गुलाब पाठवणारे आपले नातेवाईक याच वर्गातले.

पण चेहरा आधी ठेवला तर मन मागून येतं का? हा जुना वाद आहे. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं उत्तर होतं, येतं. उत्साह आपोआप वाटेनासा झाला तर ताठ बसा, आजूबाजूला हसतमुखाने बघा, तो असल्यासारखंच वागा-बोला, असं त्याने सांगितलं. १९८८ साली फ्रिट्झ स्ट्राक हा जर्मन मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला: लोकांना दातांत पेन धरायला लावलं, म्हणजे नकळत हसण्याचे स्नायू ताणले जातात, आणि मग व्यंगचित्रं दाखवली. त्यांना ती जास्त गमतीदार वाटली. वर्षानुवर्षं हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत होता. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला आणि परिणाम दिसलाच नाही. मग २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर मोठी चाचणी झाली. त्यात पेनाचा प्रकार डळमळीतच ठरला, पण दुसऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली तर माणसाला थोडं बरं वाटतं असं आढळलं. थोडंच. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणेल, एवढ्यासाठी १९ देश कशाला?

बाकी ‘चिअर’च्या गोतावळ्याबद्दल भराभर सांगतो. चांगल्या चेहऱ्याने पाहुण्याचं स्वागत, म्हणून पाहुणचार, म्हणून खाणंपिणं, असा शब्द ताटापर्यंत गेला: ‘ख्रिसमस चिअर’मध्ये निम्मा फराळ आणि निम्मी बाटली असते. फ्रेंचमध्ये तर ‘बोन शेर’ म्हणजे आज फक्त चांगलंचुंगलं खाणं. हुरूप देण्यासाठी ओरडणं हा अर्थ मात्र खलाशांचा. डॅनियल डीफोच्या १७२० च्या एका कादंबरीत ‘खलाशी म्हणतात तसं चिअर’ अशी त्याची ओळख करून द्यावी लागलीय, इतका तो तेव्हा बंदरातला शब्द होता. तिथून ‘थ्री चिअर्स’ आणि आपल्या शाळांच्या मैदानावरचं हिप हिप हुर्रे. पहिला ‘चिअरलीडर’ मानतात तो १८९८ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला. संघ हरत होता म्हणून जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे उभा राहून घोषणा द्यायला लागला. हे काम तेव्हा पुरुषांचं होतं. आयझेनहॉवर आणि धाकटे बुश, दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, विद्यार्थी असताना चिअरलीडर होते. २००८ मध्ये आयपीएल आली आणि मराठी पेपरांत हा शब्द ‘चिअरगर्ल’ होऊन आला, तेव्हा हे कोणाला सांगून पटलं नसतं.

शेजारपाजारचे शब्द वेगळ्या गावांहून आलेत. ‘जोव्हियल’ म्हणजे ज्याच्यावर जोव्ह, अर्थात गुरू ग्रहाचा प्रभाव आहे असा. आपल्याकडे पत्रिकेत गुरू बलवान असलेला माणूस जसा भारदस्त, उदार सांगतात, तसा युरोपातल्या ज्योतिष्यांनी गडगडाटी हसणारा सांगितला. म्हणून ‘जोव्हियल’ माणूस डोळ्यांपुढे आणला की पोट थोडं सुटलेलंच दिसतं. ‘चिअरी’ हा ‘चिअरफुल’चा धाकटा भाऊ, जरा उथळ: लांबून हात हलवणं, फोनवरचं ‘हॅलोऽऽ’. क्षणाचा. ‘चिअरफुल’ स्वभाव असू शकतो, ‘चिअरी’ बहुतेक वेळा नुसता सूर असतो.

पुन्हा आईच्या ‘हसतमुख’कडे येतो, कारण त्यालाही एक खोट आहे. हा शब्द आपण छापून छापून गुळगुळीत केलाय. वधू-वर सूचकात ‘हसतमुख, मनमिळाऊ’, निरोप समारंभात ‘हसतमुख, मनमिळाऊ’ आणि शेवटी पेपरातल्या श्रद्धांजलीत ‘सदैव हसतमुख, मनमिळाऊ’. मधल्या काळात त्या माणसाला कोणी हसतमुख म्हटल्याचं ऐकिवात नसतं. इंग्रजीत ‘चिअरफुल’ अजून रोजच्या वापरात आहे, मुलाला, नर्सला, दुकानदाराला लागतो. म्हणून भाषांतरात मी हल्ली शब्दाऐवजी वाक्य वापरतो. ‘अ चिअरफुल वुमन ओपन्ड द डोअर’ याला ‘हसऱ्या चेहऱ्याच्या बाईने दार उघडलं’. ‘हसरा’ अजून ताजा आहे, लहान मुलांनी तो जपून ठेवलाय.

‘चिअर’चा सगळ्यात जुना, तटस्थ अर्थ एका ठिकाणी अजून जिवंत सापडतो. पूर्वी इंग्लंडात भेटल्यावर ‘व्हॉट चिअर?’ विचारत, म्हणजे चेहरा काय सांगतोय, कसं काय? अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहराच्या मुद्रेवर हेच दोन शब्द आहेत. १६३६ मध्ये शहराचा संस्थापक रॉजर विल्यम्स होडीतून नदीकाठी आला, तेव्हा तिथल्या नॅरगॅन्सेट या मूळ रहिवाशांनी ‘व्हॉट चिअर, नेटॉप’ म्हणून हाक दिली अशी कथा सांगतात. नेटॉप म्हणजे मित्र. अर्धं इंग्रजी, अर्धं त्यांच्या भाषेतलं. ‘काय दोस्ता, कसं काय?’ हे शहराचं बोधवाक्य असणं मला फार आवडतं. लंडनमध्ये झिजून झिजून त्याचं ‘वॉचा’ झालं, म्हातारी माणसं अजून म्हणतात.

आणि ‘चिअर्स’. ग्लास उंचावताना म्हणायचा तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याला मराठी हवं म्हणून ‘चांगभलं’ सुचवणारे मित्र मला आहेत. अर्थाने ते बसतं, पण जोतिबाच्या गुलालातला शब्द बर्फाच्या खड्यांवर ओतायला माझा हात धजत नाही. ब्रिटनमध्ये मात्र ‘चिअर्स’ म्हणजे नुसतं ‘थँक्यू’सुद्धा. माझा भाचा लीड्सला शिकायला गेला तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याने घाबरून फोन केला होता: इथे बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला ‘चिअर्स’ म्हणतो, हे पितात की काय सगळे? दोन वर्षांत त्यालाही सवय लागली. सुट्टीत आला तेव्हा आम्ही पुण्यात बसने चाललो होतो. स्वारगेटला पुढच्या दाराने उतरताना तो ड्रायव्हरकडे वळून, अगदी मनापासून म्हणाला, “चिअर्स!”

ड्रायव्हरने त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. “दुपारचे बारा वाजलेत,” तो म्हणाला. “धरून न्या त्याला घरी.”